'प्रॉग रॉक ब्रिटानिया' आणि कॉन्सेप्ट अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी ऐकण्याची बैठक असते. आठ-दहा माणसं, एक रेकॉर्ड प्लेअर आणि चहा. कुणी नवीन आलं की आधी बीबीसीचा 'प्रॉग रॉक ब्रिटानिया' हा माहितीपट दाखवतो आणि मग रेकॉर्ड लावतो. फिल्म संपल्यावर हमखास जे प्रश्न येतात ते इथे लिहून ठेवले आहेत. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे त्यांतली आवडनिवडही माझीच.

हा माहितीपट नेमका कशाबद्दल आहे?

बीबीसी फोर या ब्रिटिश वाहिनीवर तो जानेवारी २००९ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी सुमारे दीड तास. पाश्चात्त्य संगीतात सिम्फनीच्या खंडाला मूव्हमेंट म्हणतात, आणि ही फिल्मही तशीच तीन मूव्हमेंटमध्ये बांधली आहे. पहिल्या खंडात साठच्या दशकाच्या अखेरचं सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या रंगीत स्वप्नासारखं वातावरण येतं, ज्यातून हे संगीत उगवलं. दुसऱ्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा ऐन बहर. तिसऱ्यात पैसा, वाढत गेलेला हव्यास आणि १९७७ च्या पंकच्या, म्हणजे साध्या, आक्रमक, छोट्या गाण्यांच्या रॉकच्या लाटेपुढे झालेली पडझड.

निवेदन नायजेल प्लेनर यांचं आहे. 'द यंग वन्स' या ब्रिटिश विनोदी मालिकेत त्यांनी नील नावाच्या हिप्पीचं काम केलं होतं, म्हणून तिकडच्या प्रेक्षकांना तो आवाज या काळाशी आपोआप जोडता येतो. रॉबर्ट वायट, माइक ओल्डफिल्ड, पीट सिनफिल्ड, रिक वेकमन, फिल कॉलिन्स, आर्थर ब्राउन, कार्ल पामर, इयन अँडरसन ही त्या काळचं संगीत घडवणारी मंडळी स्वतः बोलतात. मला सगळ्यात भावतं ते हे, की येस, जेनेसिस, किंग क्रिम्झन अशा जगभर गाजलेल्या बँडांच्या शेजारी कॅरव्हॅन आणि एग यांनाही जागा दिली आहे. एग हा तिघांचा छोटा बँड, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. त्यांची धडपड पाहिल्याशिवाय त्या काळाचं चित्र पुरं होत नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजेच प्रॉग, हे काय?

रॉकची वाद्यं घेऊन, रॉकच्या तीन मिनिटांच्या चौकटीबाहेर जायचं ठरवलेल्या इंग्लंडमधल्या तरुणांचं संगीत. कुणी चर्चमध्ये गायलेलं, कुणी पियानोवर बाख शिकलेलं, कुणी जॅझ ऐकत वाढलेलं. ते सगळं त्यांनी गिटार, ऑर्गन आणि ड्रम्सवर आणलं. विषम मात्रा, लांब बांधणी, वाजवण्यावर जबर हुकूमत आणि पुराणकथांपासून बालगीतांपर्यंत कुठूनही उचललेले विषय, ही त्याची ओळख.

कॉन्सेप्ट अल्बम आणि प्रॉग एकच का?

नाही, आणि हा गोंधळ फार लोकांचा होतो. अल्बममधली सगळी गाणी एका कल्पनेच्या, एका मनःस्थितीच्या किंवा एका कथेच्या दोऱ्यात ओवलेली असली की तो कॉन्सेप्ट अल्बम. त्याला रॉक असण्याचीही गरज नाही. फ्रँक सिनात्राने १९५५ मध्ये 'इन द वी स्मॉल अवर्स' काढला, त्यात रात्री झोप न लागणाऱ्या एकट्या माणसाचा एकच भाव शेवटपर्यंत धरून ठेवलेला आहे. १९६७ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. त्याच वर्षी मूडी ब्लूजने 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड'मध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस वाद्यवृंदासह मांडला. पुढच्या वर्षी प्रिटी थिंग्जने 'एस. एफ. सॉरो'त एका माणसाची जन्मापासूनची कथा सांगितली, आणि १९६९ मध्ये द हूचा 'टॉमी' आला.

यांतला 'टॉमी' कॉन्सेप्ट अल्बम आहे, पण त्याला प्रॉग कुणी म्हणत नाही. उलट येसचा 'क्लोज टू द एज' अस्सल प्रॉग, पण त्यात कथा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जेनेसिसचा १९७४ चा 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' दोन्ही आहे: रायेल नावाच्या न्यूयॉर्कमधल्या पोराची कथा, आणि तीही प्रॉगच्या भाषेत.

गाणी एवढी लांब का असतात?

या पानावरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. वाजवणाऱ्यांची हौस होती हे खरं, पण खरं कारण तबकडीत आहे.

७८ च्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेली नाट्यपदं त्या तीन मिनिटांत बसवलेली होती. रंगमंचावर तेच पद वन्स मोअर घेत कितीतरी वेळ चालायचं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. आपल्याकडे एल. पी. आली तेव्हा गायकाला एक राग एका बाजूवर पसरून मांडता आला. इंग्लंडमधल्या या पोरांनाही तेच सापडलं. गाण्याऐवजी रेकॉर्डची बाजू हेच त्यांनी रचनेचं माप मानलं.

मग पाहा: १९७१ मध्ये इमर्सन, लेक अँड पामरचं 'टार्कस' एक बाजूभर. त्याच वर्षी कॅरव्हॅनचं 'नाइन फीट अंडरग्राउंड' एक बाजूभर. १९७२ मध्ये येसचं 'क्लोज टू द एज' एक बाजूभर, आणि जेनेसिसचं 'सपर्स रेडी' जवळजवळ तेवीस मिनिटांचं. त्याच वर्षी जेथ्रो टलने 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजू मिळून त्रेचाळीस मिनिटांहून मोठं एकच गाणं केलं. मध्ये रेकॉर्ड उलटावी लागते, तेवढाच काय तो खंड. १९७३ मध्ये माइक ओल्डफिल्डचा 'ट्युब्युलर बेल्स' आला, दोन बाजूंना दोन भाग. ध्वनिमुद्रण करताना तो एकोणीस वर्षांचा होता आणि बहुतेक वाद्यं त्याने एकट्याने वाजवली होती.

म्हणून माझा आग्रह असतो की हे संगीत एक पूर्ण बाजू, एका बैठकीत ऐकावं. तुकड्यांत ऐकून 'मला नाही आवडलं' म्हणणं हे ख्यालाचा मधलाच एक आलाप ऐकून राग नाकारण्यासारखं आहे. फिल्ममध्ये तुकडेच दिसणार, दीड तासात दुसरं करणार काय! पण फिल्म संपल्यावर तुमच्या हातात वेळ असतो.

त्या विचित्र ताला-मात्रांचं काय? मला ठेकाच पकडता येत नाही.

पकडता येतो. इथे आपला कान पुष्कळांपेक्षा तयार असतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझी मावशी तबला शिकलेली. रॉकशी तिचा काडीचा संबंध नाही. एका बैठकीत पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावलं. सुरुवातीला नाणी पडतात, कागद फाटतो, गल्ल्याचं यंत्र खणखणतं. हे आवाज टेपच्या मापून कापलेल्या तुकड्यांवर घेऊन, ते तुकडे चिकटवून, त्याचं गोल फिरणारं वेटोळं केलं होतं. मावशी डोळे मिटून अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजत होती. दुसऱ्या आवर्तनाला म्हणाली, "सात आहेत गं. ती ती ना, धी ना, धी ना." मग जरा थांबून म्हणाली, "पण रूपकात समेवर खाली असते, हा तर पहिलीच मात्रा ठासून देतोय." अगदी बरोबर! तिथे बासचा पहिला स्वर जोरकस पडतो. सॅक्सोफोन संपून गिटार सुरू झाली तशी तिचा अंगठा पेरावर अडला. गिटारच्या त्या मोठ्या भागात सात सोडून चार मात्रा येतात, आणि नंतर पुन्हा सात. कुणी न सांगता तिला ते बोटांवर कळलं.

तुम्हीही तसंच करा. सात जमले की जेथ्रो टलचं १९६९ चं 'लिव्हिंग इन द पास्ट' लावा. ते पाच मात्रांचं आहे, आणि पाच मात्रांचं असूनही ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. 'सपर्स रेडी'तला नऊ मात्रांचा भाग सगळ्यात अवघड. ड्रम्स-बास नऊची चौकट धरून बसतात आणि जेनेसिसच्या टोनी बँक्सचा ऑर्गन त्यावरून आपल्या मर्जीने फिरतो. तो शेवटी ठेवा.

मेलोट्रॉन, मेलोट्रॉन म्हणतात ते काय?

पेटीची पट्टी दाबली की सुरातून, म्हणजे आतल्या रीडमधून, हवा जाते. मेलोट्रॉनची पट्टी दाबली की तिच्या खालची टेप चालू होते. प्रत्येक पट्टीला स्वतःची टेप, आणि त्या टेपवर कुणीतरी आधी वाजवून ठेवलेला एकेक स्वर: व्हायोलिनांचा, बासरीचा, गाणाऱ्या समूहाचा. टेप आठेक सेकंदांची. ती संपली की आवाज बंद. मग बोट उचलायचं, स्प्रिंग टेपला मागे ओढते, पुन्हा दाबायचं. त्यामुळे वाजवणाऱ्याला श्वास मोजून गाणाऱ्यासारखं वाजवावं लागतं.

हे वाद्य बर्मिंगहॅमला बनायचं. मूडी ब्लूजचा माइक पिंडर आधी त्याच कारखान्यात कामाला होता. किंग क्रिम्झनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' ऑक्टोबर १९६९ मध्ये आला, त्याच्या शीर्षकगीतात व्हायोलिनांची जी भिंत उभी राहते ती मेलोट्रॉनची. खऱ्या वाद्यवृंदापेक्षा तो आवाज किंचित डळमळता, किंचित थकलेला. त्या गाण्याला जो उदासपणा आहे तो बराचसा या यंत्रातून आला आहे.

याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो वरवरचा नाही. मार्च १९७३ मध्ये येसचा ड्रमर राहिलेल्या बिल ब्रुफर्डच्या लग्नाच्या समारंभात किंग क्रिम्झनचा जेमी म्यूर येसच्या जॉन अँडरसनला भेटला आणि त्याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं. त्या पुस्तकात एक लांब तळटीप आहे, शास्त्रांचे चार प्रकार सांगणारी: श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं. एवढ्या तळटिपेवरून 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' उभा राहिला. दोन रेकॉर्ड, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना, चारांना चार शास्त्रं. दुसऱ्या बाजूच्या नावात 'स्मरण' आहे, चौथीच्या नावात 'विधी'. आपल्याला ती जोडणी लगेच कळते. इंग्लंडातल्या समीक्षकांना त्याचा काही थांग लागला नाही.

माझं मत विचाराल तर पहिली बाजू फार सुंदर आहे, तिसरीसाठी धीर लागतो, आणि एकूण ऐंशी मिनिटांत साठ मिनिटांचाच ऐवज आहे. येसच्या कीबोर्डवादक रिक वेकमनचंही मन त्यात रमलं नव्हतं. त्या दौऱ्यात मँचेस्टरला ऐन कार्यक्रमात कीबोर्डवर करी ठेवून खाल्ल्याची गोष्ट तो स्वतः सांगतो. १९७४ मध्ये त्याने बँड सोडला. तरीही हा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाला संस्कृत येत नव्हतं त्याने एक तळटीप इतक्या मनापासून घेतली, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आणखी एक धागा मुंबईचा. नोव्हेंबर २००८ मध्ये जेथ्रो टलचा मुंबईत कार्यक्रम ठरला होता, तो २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यांमुळे रद्द झाला. त्या बँडचे गायक इयन अँडरसन आणि सतारवादक अनुष्का शंकर यांनी मग ५ डिसेंबरला हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला.

कव्हरचं एवढं कौतुक का?

कारण ऐकताना वीस मिनिटं हातात तेच असायचं. बारा इंची, दुमडून उघडणारं कव्हर म्हणजे दोन फूट रुंदीचं चित्र. रॉजर डीनने येससाठी तरंगते डोंगर आणि अधांतरी खडक रंगवले. 'क्रिम्झन किंग'च्या कव्हरवर किंचाळणारा लाल चेहरा आहे, तो बॅरी गॉडबर या तरुणाने काढला. फेब्रुवारी १९७० मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. कव्हर उघडलं की आतला दुसरा चेहरा हसतो आणि त्याचे डोळे मात्र रडवेले असतात. ते चित्र हातात धरून पाहावं.

'थिक ॲज अ ब्रिक'चं कव्हर म्हणजे बारा पानांचं एका गावाचं वर्तमानपत्रच आहे. त्यात बातमी अशी, की जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाची ही कविता. असा मुलगा कधी नव्हताच. आधीच्या 'ॲक्वालंग'ला समीक्षक कॉन्सेप्ट अल्बम म्हणत राहिले, इयन अँडरसनला ते मान्य नव्हतं, तेव्हा त्याने ठरवून कॉन्सेप्ट अल्बमांचा बापच रचला. थट्टा म्हणून सुरू झालेलं काम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि संगीत इतकं कसदार आहे की थट्टेचा विसर पडतो.

यात बायका कुठे आहेत?

फार थोड्या, आणि हा प्रश्न आमच्याकडे दर वेळी कुणीतरी विचारतं ते योग्यच आहे. रेनेसान्सची ॲनी हॅझलम आणि कर्व्हड एअरची सोन्या क्रिस्टिना या दोघी आवर्जून ऐका.

पण मला इथे क्लेअर टोरीबद्दल सांगायचं आहे. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं गेलं. पिंक फ्लॉइडच्या एका पियानोच्या रचनेवर गायचं होतं. शब्द नाहीत, चाल नाही. तिने स्वतःचा आवाज हेच वाद्य मानलं आणि गायली. 'द ग्रेट गिग इन द स्काय' म्हणून आपण जे ऐकतो ते त्या दिवशीचं. मोबदला रविवारच्या दुप्पट दराने तीस पौंड. 'द डार्क साइड ऑफ द मून' जगभर किती खपला हे सांगायला नको. त्या गाण्याचा आत्मा तिचा आवाज आहे, आणि रचनाकार म्हणून तिचं नाव कुठे नव्हतं. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि पियानोची रचना करणाऱ्या रिचर्ड राइटच्या जोडीने तिचं नाव रचनेला लागलं. बत्तीस वर्षांनी. जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ती ओळ मी मुद्दाम सगळ्यांना दाखवतो.

बोल कळत नाहीत. इंग्रजी बरं असलं तरीही.

येसच्या बाबतीत ते इंग्रजांनाही कळत नाहीत. जॉन अँडरसन शब्द नादासाठी निवडायचा. तराणा ऐकताना आपण अर्थ विचारत नाही, तसं ऐका. जेनेसिस आणि जेथ्रो टल मात्र बोल समोर ठेवून ऐकावेत, तिथे शब्दांत पुष्कळ काही आहे.

पंकने प्रॉग संपवलं का?

फिल्मचा तिसरा खंड त्या दिशेने जातो आणि गोष्ट म्हणून ते छान बसतं. पंकचा जॉन लायडन पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'आय हेट' असं लिहून फिरायचा, हे चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. पण तारखा पाहा. किंग क्रिम्झन त्याचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने १९७४ मध्येच थांबवला. गायक पीटर गेब्रियलने १९७५ मध्ये जेनेसिस सोडला. वेकमनने १९७५ मध्ये राजा आर्थरची कथा वेम्ब्लीला बर्फावर, स्केटिंग करणाऱ्यांसह सादर केली. इमर्सन, लेक अँड पामर १९७७ मध्ये सत्तर वादकांचा वाद्यवृंद घेऊन अमेरिकेत निघाले, तो खर्च झेपेना आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर वाद्यवृंद परत पाठवावा लागला. पंकवाले दारात येण्याआधीच घर आतून खचलं होतं.

आणि संपलं म्हणावं तर १९७९ च्या अखेरीला पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' आला. १९८५ मध्ये मॅरिलियनचा 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' हा अथपासून इतिपर्यंत कॉन्सेप्ट अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ऐकणारे कुठेच गेले नव्हते.

याच विषयावर आणखी काही पाहण्यासारखं?

'व्हेन अल्बम्स रूल्ड द वर्ल्ड', बीबीसी फोर, २०१३. लाँग प्ले रेकॉर्डच्या काळावर आहे, वर लिहिलेलं बाजूचं गणित त्यातून नीट समजेल. आणि 'क्लासिक अल्बम्स' मालिकेतला 'डार्क साइड'वरचा २००३ चा भाग. त्यात ध्वनिमुद्रण करणारा ॲलन पार्सन्स मिक्सरवर बसून एकेक आवाज वेगळा काढून ऐकवतो.

फोनवर ऐकलं तर चालेल का?

चालेल, पण शफल बंद करा. दोन रचनांमध्ये सेकंदाचा खंड पडत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तोही काढा. मध्ये जाहिरात आली तर वीस मिनिटांची बांधणी कोसळते. एकदा 'सपर्स रेडी'च्या शेवटच्या चढावर मला गृहकर्जाची जाहिरात ऐकावी लागली, आणि त्या संध्याकाळी मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

फिल्म संपली. आता पहिल्यांदा काय लावू?

'क्लोज टू द एज', पहिली बाजू. दिवा मंद करा आणि पुढची एकोणीस मिनिटं कुणी उठणार नाही असं आधीच ठरवून घ्या.

सुरुवातीला पाखरं आणि वाहतं पाणी ऐकू येतं. ते हळूहळू वाढतं आणि एकदम सगळी वाद्यं अंगावर येतात, जो तो आपल्या दिशेने पळतोय असं वाटतं. घाबरू नका, तिथे ठेका मोजत बसू नका. थोड्या वेळात गाणं सुरू होतं आणि पाय रोवायला जागा मिळते. मध्यावर सगळं शांत होतं, दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळून संथ गातात, आणि मग चर्चचा मोठा पाइप ऑर्गन येतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये खरोखर जाऊन मुद्रित केला होता. आवाज थोडा मोठा ठेवलात तर खोलीची जमीन थरथरलेली पायाला कळेल. त्यानंतर पहिल्या गाण्याची ओळख पुन्हा पटते, पण आता ती उंचावरून गायल्यासारखी. शेवटी वाद्यं विरतात आणि तेच पाणी, तीच पाखरं.

सुई उचलायला आमच्याकडे लगेच कुणी जात नाही. खोबणीतली खरखर थोडा वेळ तशीच चालू राहते.